ग्रीक न्यायविचार कसा वाचावा

न्याय म्हणजे काय आणि चांगल्या समाजाची घडी कशी असावी, या प्रश्नांवरचे प्राचीन ग्रीकांचे चिंतन वाचायला घेणारा वाचक बहुधा उत्तरे गोळा करण्यापासून सुरुवात करतो. तीन वर्गांचे नगर, तत्त्वज्ञ राजा, गुहेतले कैदी अशी चार-सहा नावे टिपून झाली की विषय आटोपला असे त्याला वाटते. मीही पहिली काही वर्षे असेच वाचले आणि त्यामुळे प्लेटोचे नगर मला एखाद्या हट्टी माणसाने आखलेल्या छावणीसारखे दिसत राहिले. ते नगर कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभे केले आहे, याकडे लक्ष गेले तेव्हा कुठे सगळे वाचन पालटले. तो प्रश्न असा आहे: कोणी पाहत नसेल, शिक्षेची भीती नसेल आणि चांगल्या नावाचा लाभही मिळणार नसेल, तर माणसाने न्यायाने का वागावे? पुढील मार्गदर्शन या एका प्रश्नाला धरून केले आहे.

वाचनासाठी तीन ग्रंथ पुरेसे आहेत. प्लेटोचे ‘रिपब्लिक’ संपूर्ण वाचावे. त्याचे दहा भाग आहेत, मात्र ही विभागणी प्लेटोने केलेली नसून नंतरच्या काळातली आहे, म्हणून भाग संपला तेथे विचारही संपला असे धरून चालू नये. त्यानंतर ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमेकियन एथिक्स’चा पाचवा भाग आणि ‘पॉलिटिक्स’चे पहिले तीन भाग घ्यावेत. भाषांतर कोणतेही असो, त्याच्या समासात मूळ पृष्ठांक छापलेले आहेत ना, हे आधी पाहून घ्यावे. प्लेटोसाठी १५७८ साली स्टेफानस या मुद्रकाने काढलेल्या आवृत्तीचे पृष्ठांक आजही जगभर वापरले जातात आणि ‘रिपब्लिक’ त्या गणनेत ३२७ पासून ६२१ पर्यंत जाते. ॲरिस्टॉटलसाठी १८३१ सालच्या बेकरच्या आवृत्तीचे अंक वापरतात. टिपण करताना हेच अंक लिहिले म्हणजे दुसऱ्या भाषांतरातही तीच ओळ क्षणात सापडते.

शब्द आधी

ज्या ग्रीक शब्दासाठी आपण ‘न्याय’ लिहितो, तो शब्द ‘दिकाइओस्यूने’ असा आहे. मराठीत न्याय म्हटले की न्यायालय, निकाल, दाद मागणे हे चित्र डोळ्यांपुढे येते. ग्रीक शब्दाचा रोख मात्र बऱ्याचदा माणसाच्या अंगच्या गुणाकडे असतो. म्हणजे जे दुसऱ्याचे आहे त्यावर हात न टाकणे आणि ज्याचे त्याला देणे, ही वृत्ती. म्हणून वाचताना जेथे व्यक्तीविषयी बोलणे चालले असेल तेथे ‘न्यायीपणा’ आणि जेथे नगराविषयी असेल तेथे ‘न्याय’, अशी पेन्सिलीने खूण करत जावे. हा वरवर किरकोळ वाटणारा उपाय पुढे फार उपयोगी पडतो, कारण प्लेटोचा सगळा युक्तिवाद या दोन अर्थांच्या मधल्या पुलावरून जातो आणि तो पूल भार पेलतो की नाही, हे आपल्यालाच तपासायचे असते.

दुसरा शब्द ‘पोलिस’. त्याला नुसते ‘राज्य’ म्हटले की शासनयंत्रणा डोळ्यांपुढे येते, पण पोलिस म्हणजे एक नगर आणि त्याच्या भोवतीची जमीन, तेथले देव, उत्सव, सैन्य, शिक्षण आणि सभा यांसह जगणारा नागरिकांचा समूह. ‘रिपब्लिक’चे मूळ नाव ‘पोलितेइआ’ आहे आणि त्याचा अर्थ अशा समूहाच्या जगण्याची घडी असा होतो. आजच्या ‘प्रजासत्ताक’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडू नये. तिसरा शब्द ‘प्लेओनेक्सिया’, म्हणजे आपल्या वाट्यापेक्षा अधिक ओढून घेण्याची हाव. ग्रीक लेखक अन्यायाचे मूळ शोधतात तेव्हा पुन्हा पुन्हा या शब्दापाशी येतात. हे तीन शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

प्रसंग ओळखून घ्यावा

प्लेटोने सिद्धांत सांगणारा निबंध लिहिला नाही, संवाद लिहिला. त्यामुळे कोण बोलतो आहे आणि कोठे बोलतो आहे, हे सोडून वाचले तर अर्धा अर्थ निसटतो. संवाद घडतो अथेन्सच्या पायरिअस बंदरात, बेंदिस या थ्रेसच्या देवतेच्या उत्सवाच्या दिवशी. हे बंदर मायलेटसच्या हिप्पोडेमसने आखले होते आणि हाच हिप्पोडेमस दहा हजार नागरिकांच्या, तीन वर्गांत विभागलेल्या आदर्श नगराची योजना मांडणारा होता, असे ॲरिस्टॉटल सांगतो. ज्याने आदर्श नगर कल्पिले त्यानेच आखलेल्या रस्त्यांवर प्लेटो आपले नगर शब्दांनी उभारायला घेतो, हा योगायोग मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे.

घर आहे सेफलसचे. तो सिराक्यूसहून येऊन स्थायिक झालेला, श्रीमंत, पण नागरिकत्व नसलेला म्हातारा. इ.स.पू. ४०४ मध्ये पेलोपोनेशियन युद्धात अथेन्स हरले, तीस जणांची जुलमी राजवट आली आणि तिने या कुटुंबाची मालमत्ता लुटली. सेफलसचा मुलगा पोलेमार्कस याला हेमलॉकचे विष प्यायला लावून मारले. त्या तीस जणांतला क्रिटियास हा प्लेटोच्या आईच्या नात्यातला होता. पुढे लोकशाही परतली आणि त्याच लोकशाहीच्या न्यायालयाने इ.स.पू. ३९९ मध्ये प्लेटोचा गुरू आणि या संवादातला मुख्य वक्ता सॉक्रेटिस याला मृत्युदंड दिला. संवाद लिहिला गेला तो यानंतर बऱ्याच वर्षांनी, इ.स.पू. ३७५ च्या आसपास, म्हणजे त्या काळच्या वाचकाला या माणसांचे पुढे काय झाले ते ठाऊक होते. मूठभरांची सत्ता आणि बहुसंख्यांची सत्ता, दोन्हींचे हात निरपराधांच्या रक्ताने माखलेले ज्याने पाहिले, तो लेखक सत्ता कोणाच्या हाती द्यावी हे विचारतो आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवून पहिले पान उलटावे.

पहिला भाग: व्याख्या तपासणे

पहिला भाग वाचताना वहीच्या पानाचे तीन रकाने करावेत: मांडलेली व्याख्या, तिला दिलेला धक्का आणि धक्क्यानंतर तिच्यात काय टिकले. सेफलस म्हणतो ते थोडक्यात असे की, खरे बोलावे आणि घेतलेले परत करावे. सॉक्रेटिस विचारतो, मित्राने शहाणा असताना शस्त्र ठेवायला दिले आणि वेड लागल्यावर ते मागितले, तर परत द्यावे काय? व्याख्या कोसळते, पण ‘ज्याचे त्याला’ हा गाभा टिकतो. तोच पोलेमार्कस उचलतो: मित्राला साहाय्य आणि शत्रूला अपाय, हेच ज्याचे त्याला देणे. यावर सॉक्रेटिसचे उत्तर असे की अपाय केल्याने माणूस अधिक वाईट होतो आणि कोणाला अधिक वाईट करणे हे न्यायी माणसाचे काम असू शकत नाही. सूडाला कर्तव्य मानणाऱ्या समाजात हे उत्तर किती वेगळे होते, यावर क्षणभर थांबावे.

मग वक्तृत्व शिकवणारा थ्रॅसिमॅकस उसळून मध्ये पडतो. त्याच्या बोलण्यात दोन निरनिराळी विधाने आहेत आणि ती वेगळी काढणे हे या भागातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. पहिले विधान असे की, न्याय म्हणजे बलवानाचे हित, कारण प्रत्येक सत्ताधारी आपल्या सोयीचे कायदे करतो आणि ते पाळण्याला न्याय म्हणतो. दुसरे असे की, अन्यायी माणसाचे आयुष्य न्यायी माणसाच्या आयुष्यापेक्षा अधिक लाभाचे असते. पहिले विधान राजकारणाचे वर्णन आहे, तर दुसरे जगावे कसे याचा सल्ला आहे. पहिले खरे मानूनही दुसरे नाकारता येते. थ्रॅसिमॅकसला केवळ उद्धट खलपुरुष समजून पुढे जाऊ नये. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सच्या दूतांनी मेलॉस बेटावरच्या लोकांना, न्यायाची भाषा समबलांमध्येच चालते आणि बलवान आपल्याला शक्य ते करतो, असे सुनावल्याचा वृत्तांत इतिहासकार थ्युसिडिडीसने लिहिला आहे. म्हणजे थ्रॅसिमॅकस जे घरात बसून म्हणतो, तेच त्याच्या काळातली एक महासत्ता उघड बोलत होती.

सॉक्रेटिसच्या उत्तरांपैकी वैद्याचे उत्तर, म्हणजे प्रत्येक विद्या आपल्यापेक्षा ज्यावर ती काम करते त्याचे हित पाहते हे, मला दुबळे वाटते, कारण मेंढपाळ मेंढ्यांना कशासाठी पोसतो हे थ्रॅसिमॅकसने अचूक दाखवले आहे. दरोडेखोरांच्या टोळीचे उत्तर मात्र भक्कम आहे: टोळीतल्या माणसांनी एकमेकांशीही अन्यायाने वागायचे ठरवले तर टोळी एक दरोडाही पार पाडू शकणार नाही. अन्याय जेथे शिरतो तेथे फूट पाडतो, ही कल्पना पुढे सबंध ग्रंथभर काम करते.

ग्लॉकनचे आव्हान

दुसऱ्या भागाची पहिली पाने अतिशय सावकाश वाचावीत. माझ्या मते न्यायाविषयी एवढा प्रामाणिक प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल. प्लेटोचा सख्खा भाऊ ग्लॉकन म्हणतो की थ्रॅसिमॅकस फार लवकर गप्प बसला. तो चांगल्या गोष्टींचे तीन प्रकार सांगतो: स्वतःखातर हव्या असणाऱ्या, स्वतःखातर आणि परिणामांखातरही हव्या असणाऱ्या, आणि औषधासारख्या केवळ परिणामांखातर सोसायच्या. बहुतेक लोक न्यायाला तिसऱ्या प्रकारात टाकतात. त्यांच्या मते अन्याय करणे सुखाचे असते आणि सोसणे दुःखाचे. सोसण्याचे दुःख अधिक असल्याने दुबळ्यांनी मिळून करार केला आणि त्या तडजोडीला न्याय हे नाव पडले.

मग तो अंगठीची गोष्ट सांगतो. लिडियातल्या एका मेंढपाळाला, गायजीसच्या पूर्वजाला, भूकंपाने दुभंगलेल्या जमिनीत एक अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो अदृश्य होतो. तो राणीला फितवतो, राजाला मारतो आणि गादी बळकावतो. अशा दोन अंगठ्या न्यायी आणि अन्यायी माणसाला दिल्या तर दोघे एकाच वाटेने जातील, असे लोक म्हणतात. एवढ्यावर न थांबता ग्लॉकन कसोटी आणखी कठोर करतो: पूर्ण अन्यायी माणसाला न्यायी असल्याची कीर्ती द्या आणि पूर्ण न्यायी माणसाला अन्यायी असल्याची बदनामी, छळ आणि हालहाल होऊन मरण द्या, आणि आता दोघांत सुखी कोण ते सांगा. दुसरा भाऊ ॲडिमँटस यात भर घालतो की आईवडीलही मुलांना न्यायाची शिकवण देताना न्यायाची स्तुती करत नाहीत, नावलौकिकाचीच करतात.

येथे पुस्तक मिटावे. एका कागदावर या आव्हानाला स्वतःचे उत्तर लिहावे, दहा ओळी पुरेत, आणि तो कागद घडी घालून नवव्या भागात ठेवून द्यावा. उत्तर सुचत नसेल तर तसे लिहावे. ही पायरी वगळणारा वाचक पुढचे नगर प्रवाशासारखा पाहतो. ती पाळणारा ते गरजवंतासारखा पाहतो.

नगर का उभारले, हे विसरू नये

सॉक्रेटिसचे म्हणणे असे की लांबून बारीक अक्षरे वाचता येत नसतील आणि तीच अक्षरे दुसरीकडे मोठ्या आकारात लिहिलेली असतील, तर आधी मोठी वाचावीत. नगरातला न्याय ही मोठी अक्षरे, माणसातला न्यायीपणा ही बारीक. म्हणून नगराची प्रत्येक तरतूद वाचताना दोन प्रश्न समासात लिहावेत: ही कोणत्या अडचणीवर काढलेली तोड आहे, आणि माणसाच्या मनात हिचे प्रतिरूप कोणते?

पहिले नगर चार-पाच माणसांचे असते. शेतकरी, गवंडी, विणकर आणि चांभार एकमेकांच्या गरजा भागवतात, साधे खातात आणि शांततेने म्हातारे होतात. ग्लॉकन त्याला डुकरांचे नगर म्हणून झिडकारतो. सॉक्रेटिस मात्र यालाच निरोगी नगर म्हणतो आणि चैनीच्या नगराला ज्वर चढलेले म्हणतो, हे बहुतेक सारांशांत हरवते. चैन आली की जमीन पुरत नाही, शेजाऱ्याची जमीन तोडून घ्यावी लागते, युद्ध येते, आणि युद्ध आले की रक्षक लागतात. म्हणजे पुढचे सगळे बंधनांचे जाळे हे प्लेओनेक्सियाने आजारी पडलेल्या नगरावरचे उपचार आहेत.

शस्त्रधारी रक्षक आपल्याच लोकांवर उलटले तर काय, ही या उपचारांमागची मुख्य भीती. राखणीचे कुत्रे लांडगे होऊ नयेत म्हणून त्यांना संगीत, काव्य आणि व्यायाम यांतून घडवायचे. त्यांना खाजगी घर, जमीन, सोने-चांदी नसावे आणि त्यांनी सैनिकांसारखे एकत्र जेवावे. सत्ता आणि संपत्ती एका हातात येऊ द्यायची नाही, ही कल्पना येथे किती स्पष्ट आहे ते पाहावे. याच ठिकाणी ते प्रसिद्ध असत्यही येते: सगळे नागरिक भूमीच्या पोटी जन्मलेली भावंडे असून देवाने कोणाच्या ठायी सोने, कोणाच्या ठायी चांदी आणि कोणाच्या ठायी लोखंड व तांबे मिसळले आहे, अशी कथा सर्वांना सांगायची. हे वाचताना दोन गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात. सोन्याच्या आईबापांचे मूल लोखंडाचे निघाले तर त्याला खाली आणि लोखंडाच्या घरात सोन्याचे निघाले तर त्याला वर न्यायचे, असे त्याच कथेत सांगितले आहे, त्यामुळे या विभागांना ‘वर्ण’ म्हणणे चुकीचे ठरते. पण ज्या नगराचा पाया सत्यावर प्रेम करणाऱ्या शासकांवर आहे, तेथील ऐक्य मात्र असत्य सांगून राखायचे, ही विसंगती त्या सवलतीने मिटत नाही. ती मिटवण्याची घाई करू नये.

चौथ्या भागात चार गुण येतात. शहाणपण शासकांत, शौर्य सैनिकांत, संयम म्हणजे कोणी राज्य करावे याविषयी सर्वांचे एकमत, आणि उरतो तो न्याय: प्रत्येकाने आपले काम करावे, दुसऱ्याच्या कामात लुडबूड करू नये. पहिल्यांदा वाचताना ही व्याख्या निराशा करते, एवढा डोंगर पोखरून हेच काय, असे वाटते. त्या निराशेला बळी न पडता लगेच त्याच भागातली पुढची पाने वाचावीत, कारण खरा नेम तेथे आहे. लिऑन्टियस नावाचा माणूस वधस्तंभाजवळची प्रेते पाहण्याची ओढ आवरू पाहतो, पण हरतो आणि आपल्याच डोळ्यांवर संतापतो. या एका प्रसंगातून प्लेटो दाखवतो की माणसाच्या आत विचार, वासना आणि त्या दोहोंहून निराळा असा मानी संताप आहे. हा संताप विचाराच्या बाजूने उभा राहिला आणि वासनेने राज्य करायचा हट्ट सोडला, म्हणजे माणूस अनेकांचा एक होतो. न्यायीपणा ही आतली घडी आहे, बाहेरचा व्यवहार तिच्यातून निघतो. ग्लॉकनच्या आव्हानाचे पहिले उत्तर हेच: अंगठी घालून अदृश्य झालेला माणूस इतरांपासून लपेल, पण त्याच्या आतली फूट त्याच्यासोबतच राहील.

येथे पुलाचा भार तपासावा. मनातली वासना ही माणूस नव्हे. तिला आवरले म्हणून कोणावर जुलूम होत नाही. नगरातले शेतकरी आणि कारागीर मात्र माणसे आहेत, त्यांनाही विचार आहे आणि मान आहे. विचाराने वासनेवर राज्य करावे हे मान्य करूनही एका वर्गाने दुसऱ्यावर कायमचे राज्य करावे हे मान्य करणे भाग पडत नाही. प्लेटोचे मानसशास्त्र भक्कम आणि त्यावरून काढलेले राजकारण कच्चे, असे माझे मत झाले आहे. वाचकाने मात्र आधी प्लेटोच्या बाजूने जमेल तेवढे उत्तर देऊन पाहावे आणि मगच मत बनवावे.

पाचव्या ते सातव्या भागांत सॉक्रेटिस तीन लाटा अंगावर घेतो: स्त्रियांनीही रक्षक आणि शासक व्हावे, रक्षकांमध्ये स्वतंत्र कुटुंबे नसावीत, आणि तत्त्वज्ञ राजे झाल्याशिवाय किंवा राजे तत्त्वज्ञ झाल्याशिवाय नगरांचे दुःख संपणार नाही. पहिल्या लाटेतला युक्तिवाद आवर्जून वाचावा. टक्कल पडलेला आणि केसाळ माणूस यांच्यात फरक आहे म्हणून त्यांतल्या एकालाच चांभारकी करू द्यावी काय, असे विचारून सॉक्रेटिस म्हणतो की कामाशी संबंध नसलेला फरक कामाच्या वाटपाला कारण होऊ शकत नाही. ज्या अथेन्समध्ये स्त्रीला सभेत स्थान नव्हते तेथे हे लिहिले गेले. गुहेत बांधलेले कैदी भिंतीवरच्या सावल्यांनाच खरे मानतात, ते गुहेचे रूपक सातव्या भागाच्या आरंभी येते. ते सुटे काढून आधी वाचू नये, कारण त्यातली मोलाची गोष्ट प्रकाशाकडे जाणे एवढीच नाही. बाहेर पडलेल्याला पुन्हा अंधारात उतरायला लावले जाते. या शासकांना विसाव्या वर्षापासून गणित, तिसाव्यापासून पाच वर्षे तत्त्वचर्चा आणि मग पंधरा वर्षे नगराची कामे करावी लागतात, आणि पन्नाशीनंतर त्यांना अंतिम दर्शन घडते. राज्य करण्याची त्यांना हौस नसते, आणि म्हणूनच ते त्यांना सोपवायचे असते.

आठवा आणि नववा भाग नगराच्या घसरणीचा आहे: मानलोलुप राज्य, धनिकांचे राज्य, लोकशाही आणि शेवटी जुलूमशाही. इतिहास म्हणून हे वाचू नये, कारण तसे ते टिकत नाही; प्रत्येक राज्याला जोडलेले माणसाचे चित्र वाचावे. जुलमी माणसाचे चित्र अंगावर काटा आणते. त्याची एक वासना त्याच्यावर राज्य करते, त्याला मित्र उरत नाही, आणि ज्यांच्यावर तो सत्ता गाजवतो त्यांचीच खुशामत करत तो घरात कोंडल्यासारखा जगतो. तत्त्वज्ञ राजा त्याच्यापेक्षा ७२९ पट सुखी, असा हिशेबही प्लेटो मांडतो. त्यात अडकू नये. आता घडी घातलेला कागद उघडावा आणि आपले उत्तर व प्लेटोचे उत्तर शेजारी ठेवावे.

ॲरिस्टॉटलला साक्षीला बोलवावे

ॲरिस्टॉटल सतराव्या वर्षी प्लेटोच्या अकादमीत आला आणि वीस वर्षे तेथे राहिला, त्यामुळे त्याचे आक्षेप घरातल्या माणसाचे आहेत. त्याच्या ‘एथिक्स’चा पाचवा भाग आधी वाचावा. प्लेटोने जे अर्थ एकत्र गुंफले ते तो सोडवतो: एक व्यापक न्याय, म्हणजे दुसऱ्यांशी वागतानाचा संपूर्ण सद्गुण, आणि एक विशिष्ट न्याय, म्हणजे वाट्याबाबतचा. विशिष्ट न्यायाचेही दोन प्रकार आहेत. मान, पैसा किंवा पदे वाटायची असतात तेव्हा वाटा योग्यतेच्या प्रमाणात असावा. नुकसान भरून द्यायचे असते तेव्हा मात्र सज्जनाने दुर्जनाला फसवले की दुर्जनाने सज्जनाला, हे न पाहता दोघांना समान धरून केवळ हानी मोजावी. कायदा सर्वसाधारण भाषेत बोलतो आणि प्रसंग विशिष्ट असतो, म्हणून कायद्याला समंजसपणाने वाकवावे लागते. यासाठी तो लेस्बॉसच्या बांधकामातल्या शिशाच्या पट्टीचा दाखला देतो, जी दगडाच्या आकाराप्रमाणे वळते.

योग्यता कशात मोजायची, हा प्रश्न ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात येतो आणि तेथे वाचनाचा वेग पुन्हा कमी करावा. धनिक म्हणतात की शंभर मिनांच्या (मिना हे ग्रीक चलन) भांडवलात एक मिना घालणाऱ्याला बाकीचे सगळे घालणाऱ्याइतका वाटा मिळणे अन्याय्य आहे. ॲरिस्टॉटलचे उत्तर असे की नगर ही व्यापारी भागीदारी असती तर हे बरोबर ठरले असते. पण नगर जगण्यासाठी निर्माण होते आणि चांगले जगण्यासाठी टिकते. वाटप कशाचे आहे, त्यावर निकष ठरतो. उत्तम बासऱ्या वाटायच्या असतील तर त्या कुलीनाला किंवा देखण्याला न देता उत्तम वाजवणाऱ्याला द्याव्यात. दुसऱ्या भागातले प्लेटोवरचे आक्षेपही याच दिशेने जातात: नगराला कुटुंबासारखे एक करू पाहिले तर ते नगरच उरत नाही, जे सर्वांचे असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते, आणि सर्वांत वाटलेली माया पुष्कळ पाण्यात मिसळलेल्या थोड्या गोड मद्यासारखी पातळ होते.

या प्रखर बुद्धीच्या माणसाने त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागात काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे लिहिले, आणि स्त्रियांना व कारागिरांना आपल्या उत्तम नगराच्या नागरिकत्वातून वगळले. हा भाग गाळून वाचू नये आणि ‘काळच तसा होता’ म्हणून मोकळेही होऊ नये. गुलामी ही निसर्गाविरुद्ध असून केवळ रूढीने आणि बळाने आलेली आहे, असे म्हणणारे लोक होते, हे तो स्वतःच नोंदवतो. गुलामाचे आणि स्वतंत्र माणसाचे शरीर निसर्ग नेहमी वेगळे घडवत नाही, हेही मान्य करतो. येथे त्याचीच बासरीची कसोटी त्याला लावावी: कोणाला वाजवता येते हे ठरवण्याआधी सर्वांच्या हाती बासरी दिली होती काय? हा प्रश्न विचारण्याचे हत्यार त्यानेच आपल्या हाती दिले आहे, याबद्दल मला त्याच्याविषयी कृतज्ञता वाटते.

अधिक वाचायचे असेल तर प्लेटोचे उतारवयातले ‘लॉज’ घ्यावे. त्यातल्या नगरात बरोबर ५०४० कुटुंबे आहेत, कारण ही संख्या एकपासून दहापर्यंतच्या प्रत्येक अंकाने निःशेष भागली जाते आणि वाटणी सोपी होते. तेथे खाजगी मालमत्तेला परवानगी आहे, पण कमाल मर्यादेसह. नंतरच्या काळातला ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याची न्यायविषयक सूत्रे तर अगदी थोडी आहेत; एकमेकांना अपाय न करण्याचा आणि न होऊ देण्याचा करार, असा न्यायाचा अर्थ तो करतो. ग्लॉकनने जे मत तक्रार म्हणून मांडले, तेच येथे स्वीकारून मांडलेले दिसते.

सर्वांत शेवटी ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागातली एरची कथा वाचावी. मेलेला एर परत येऊन सांगतो की पुढच्या जन्मासाठी आत्म्यांना आयुष्ये निवडायला दिली होती. पहिली चिठ्ठी ज्याची निघाली त्याने धावत जाऊन सर्वांत मोठ्या जुलमी सत्ताधीशाचे आयुष्य उचलले, आणि त्यात स्वतःची मुले खाण्याचे भोग लिहिलेले आहेत हे नंतर पाहून ऊर बडवला. हा माणूस दुष्ट नव्हता. तो आधीच्या जन्मी सुव्यवस्थित नगरात राहिला होता आणि विचार न करता, सवयीने चांगला वागला होता. हे वाचून झाल्यावर लगेच पहिल्या भागाकडे परतावे आणि सेफलस चर्चा सुरू होताच वाद मुलावर सोपवून हसत हसत यज्ञाकडे निघून जातो, ते अर्धे पान पुन्हा वाचावे.